पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?

निशिगंधा सुरवसेचा ठोक चौतीस आला, तेव्हा बार्शीच्या मापन केंद्रावरच्या ऑपरेटर बाईंनी पडदा स्वतःकडे वळवून पुन्हा एकदा नीट बघितला. मग दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तशा आवाजात विचारलं, "बरोबर कुणी आलंय का?"

"आप्पा आलेत. बाहेर बसलेत."

"त्यांना सावकाश सांग."

सावकाश सांगायची वेळच आली नाही. आपल्याकडचा पालक निकाल कागदावर वाचत नाही, पोरगं दारातून कसं बाहेर येतं त्यावर वाचतो. आप्पा बाकावरून उठून उभेच राहिले.

"किती?"

"चौतीस."

"कितीपैकी?"

"शंभरपैकीच असतोय, आप्पा."

"सवलतीचे चार धरून?"

"धरून."

आप्पांनी खिशातला रुमाल काढला, घाम पुसायचा की तोंड लपवायचं हे न ठरल्यामुळे तो परत खिशात घातला, आणि गाडी काढायला गेले.

ठोकाचं सरकारी नाव 'भावी रोजगार निश्चिती निर्देशांक' असं होतं. एवढं नाव उच्चारेपर्यंत चांगल्या चांगल्यांची निश्चिती ढासळायची, म्हणून लोकांनी छाती ठोकून सांगण्यातला 'ठोक' तेवढा उचलला. "धाकट्याचा ठोक किती?" "ब्याऐंशी." "वा! पेढे कधी मग?" असं चौकात चालायचं. लग्नाच्या बायोडाटात उंचीच्या खाली आणि गोत्राच्या वर ठोक लिहिला जाऊ लागला होता.

सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती. पुष्कळशा गोष्टींची तशीच होते. एका संशोधक बाईंनी विद्यापीठात प्रवेशाला आलेल्या अकरा हजार मुलांना विचारलं, की पदवीनंतर नोकरी लागेल याची तुम्हाला खात्री किती वाटते? मग सात वर्षं चिकाटीने त्यांचा पिच्छा पुरवला. ज्यांना खात्री होती त्यांना नोकऱ्या लागल्या होत्या. ज्यांना नव्हती ती घरी होती. बाईंनी प्रामाणिकपणे खाली बारीक टाइपात तळटीप दिली होती, की खात्री असलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या मामाची कंपनी आहे. तेव्हा नोकरी खात्रीमुळे लागते की मामामुळे, हे तपासायला हवं. शासन निर्णय टाइप करताना तळटीप पानात मावली नाही. जागा थोड्या, उमेदवार फार, तर ज्यांना खात्री आहे त्यांनाच शिकवावं, म्हणजे बेकारी आपोआप हटेल, असं ठरलं. प्रवेशासाठी किमान ठोक साठ.

यंत्र मात्र खरोखरच हुशार होतं. मनगटाला पट्टा, डोळ्यांपुढे भिंग, ओठांशी माइक. माणूस स्वतःला पटलेलं बोलतो तेव्हा डोळ्याची बाहुली स्थिर असते, आवाजातली बारीक थरथर कमी असते, तळहात कोरडा राहतो. न पटलेलं बोलतो तेव्हा हे तिन्ही किंचित हलतं. समोरच्याला, अगदी बायकोलाही कळू नये इतकं किंचित. प्रत्येकाची थरथर वेगळी, म्हणून यंत्र आधी नाव, गाव, आज वार कोणता असे वीस साधे प्रश्न विचारून त्या माणसाची पक्की खात्री कशी दिसते ते शिकून घ्यायचं. मग नाणं उडवून, झाकून, छापा की काटा विचारायचं आणि अजिबात खात्री नसली की तो कसा दिसतो तेही शिकायचं. मग शेवटचा प्रश्न: पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल? त्या दोन टोकांच्या मध्ये तुमचं उत्तर जिथे पडेल, तो तुमचा ठोक. उत्तर खरं की खोटं याच्याशी यंत्राला कर्तव्य नव्हतं. भविष्य त्यालाही दिसत नव्हतं. बोलणाऱ्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास किती, एवढंच ते मोजायचं.

पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यातली पोरं धडाधड आपटली. चौकशी समिती आली, तिने तीन महिने हुरडा खात अभ्यास केला आणि कारण शोधलं. या भागात होऊ घातलेली चांगली गोष्ट आधी बोलून दाखवत नाहीत, दृष्ट लागते. 'मी अधिकारी होणार' असं मोठ्याने म्हणताना मुलांच्या तळहाताला घाम सुटायचा तो बेकारीच्या भीतीने नव्हे, आई ऐकेल या भीतीने. मग 'प्रादेशिक संकोच सवलत' म्हणून चार गुण मिळू लागले, आणि पुण्याच्या पालकांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला.

निशिगंधाला मात्र दृष्टीची भीती नव्हती. तिच्याकडे माहिती होती, ही तिची अडचण होती.

आप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. बोअरमधली पाणबुडी मोटार पाण्यातच थंड राहते. पाणी खाली गेलं आणि ती कोरडी फिरली की आतली तार जळते. नव्या मोटारी कोरडं पडलं की आपोआप बंद व्हायच्या, पण लोक ती सोय काढून मोटार डायरेक्ट करून घ्यायचे, त्यामुळे आप्पांना काम होतं. निशिगंधा सातवीत असल्यापासून दुकानात बसून वहीत लिहायची: गाव, महिना, मोटार किती फुटांवर होती. चार वर्षांची वही झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की तालुक्यात पाणी कुठे, कधी आणि किती खाली सरकलं याचा हा नकाशाच आहे. जळकी मोटार म्हणजे जमिनीखालून आलेली तार. तिला भूजलशास्त्र शिकायचं होतं. विद्यापीठात त्याच्या बारा जागा होत्या, प्रवेश परीक्षेत ती राज्यात चौथी होती, आणि त्या विषयात नोकऱ्या निघतात की नाही हे तिने स्वतः शोधून बघितलं होतं. कधी निघायच्या, कधी नाही. म्हणून "पाच वर्षांनी मी भूजलतज्ज्ञ म्हणून नोकरीत असेन" हे शाळेने पाठ करून घेतलेलं वाक्य बोलताना तिची बाहुली हलली होती.

दुसऱ्या आणि शेवटच्या मापनाला पंधरा दिवस होते. आप्पांनी तिला नागनाथ सरांच्या वर्गाला घातलं.

नागनाथ सर आधी पाणाडे होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचं, नारळ उभा राहिला की "इथं मारा, एकशेऐंशी फुटांवर तीन इंच पाणी" असं सांगायचं, हा त्यांचा धंदा. निशिगंधाच्या शाळेच्या मैदानात त्यांनी चार जागा दाखवल्या आणि चारही कोरड्या गेल्या. चौथ्या वेळी खात्री पटावी म्हणून त्यांनी दोन नारळ आणले होते. पुढे यंत्र आलं, सरांनी गंमत म्हणून स्वतःचा ठोक मोजून घेतला, तो नव्व्याण्णव आला, आणि आपली खरी विद्या कोणती ते त्यांना कळलं. आता मंगल कार्यालयात त्यांचा 'निश्चय वर्ग' भरायचा.

"बाळा, तुझी चूक काय होतीय माहितीय?" सर म्हणाले. "तू प्रश्नाचा विचार करतीयास."

"मग कशाचा करायचा?"

"आईच्या हातची भाकरी कशी असती?"

"चांगली."

"शंका हाय काही?"

"नाही."

"झालं! तोंडानं म्हणायचं, मी मोठी अधिकारी असेन. मनात म्हणायचं, आईची भाकरी चांगली असती. यंत्राला काय कळतंय? त्याला खात्री दिसली की झालं, कशाची का असंना."

त्यांच्याकडे सरावाचं एक जुनं यंत्र होतं. निशिगंधाने भाकरी मनात धरली, वाक्य म्हटलं. एक्याऐंशी. मागच्या चाळीस पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"सर, एक विचारू?" ती पट्टा सोडवत म्हणाली. "शाळेच्या मैदानात चारी बोअर कोरडे गेले, तेव्हा तुम्ही मनात काय धरलं होतं?"

नागनाथ सर सच्चा माणूस. त्यांनी क्षणभर खरंच विचार केला. "काहीच नाही. मला खरंच वाटलं होतं पाणी हाय म्हणून."

"आणि अजून?"

"अजूनबी वाटतंय. बोअर तिरके गेले असतील."

ती घरी आली आणि वर्गाला जाणार नाही म्हणाली.

"का? एक्याऐंशी आले म्हणं की!" आप्पा वाइंडिंगची तार हातात तशीच धरून म्हणाले.

"भाकरीचे आलेत, आप्पा. माझे नाहीत."

"पण जागा तुला मिळणार हाय ना, भाकरीला नाही! एकदा खोटं बोलायला काय जातंय तुझं? सगळं जग बोलतंय."

"ज्या विषयात खाली काय आहे ते खरं सांगायला शिकायचंय, त्याच्या दारातच थाप मारून आत शिरू? मग नागनाथ सर काय वाईट होते? नारळ तरी होता त्यांच्या हातात."

"मग शिकू नको!" आप्पांनी तार आदळली. "बस हितंच माझ्यासंगं. जळक्या मोटारी मोज. नव्या मोटारी येतायत सीलबंद, बिघडली की फेकून द्यायची. पाच वर्षांनी ह्या दुकानात मीबी नसंन!"

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. ते उठून बाहेर गेले.

पुढचे दहा दिवस बापलेकीत बोलणं आईमार्फत झालं. "तुझ्या लेकीला म्हणावं, फॉर्म भरलाय." "आई, आप्पांना सांग, बघितलाय." आईने चौथ्या दिवशी दोघांनाही सांगितलं, की मी काही पोस्टमन नाही, आणि पुढचा निरोप पोळीखाली चिठ्ठी ठेवून द्यावा. तिचं स्वतःचं मत एकच होतं: काय व्हायचं ते होईल, पण आधी बोलू नये.

दुसऱ्या मापनाच्या दिवशी केंद्रावर एकशेचाळीस पोरं रांगेत होती. बहुतेकांचे ओठ हलत होते. कुणी भाकरी धरली होती, कुणी आजोबांचं नाव. निशिगंधा आत गेली, खुर्चीत बसली. पट्टा बांधला गेला. नाव, गाव, वार झाले. नाणं उडालं, झाकलं गेलं. तिने काटा म्हटलं. मग यंत्राच्या गोड आवाजात शेवटचा प्रश्न आला.

"पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?"

"माहीत नाही," निशिगंधा म्हणाली. "मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. मला फक्त काय शिकायचंय तेवढं माहीत आहे."

ऑपरेटर बाईंनी पडद्याकडे बघितलं. शहाण्णव. सवलतीचे चार धरून शंभर.

बाईंनी केंद्रप्रमुखांना हाक मारली. पडवळ साहेब आले, त्यांनी चष्मा लावून आकडा बघितला आणि चष्मा काढून निशिगंधाकडे बघितलं.

"हे धरता येणार नाही. उत्तर होकारार्थी पाहिजे."

"कुठल्या नियमात आहे, सर?"

पडवळांनी नियमपुस्तिका उघडली. ती त्यांनी यापूर्वी उघडली नव्हती हे पानं चिकटलेली होती त्यावरून दिसत होतं. नियमात उत्तर मराठीत असावं, ऐकू येईल असं असावं, एवढंच होतं. ते काय असावं, हे कुणाला सुचलंच नव्हतं.

"मग यंत्र बिघडलंय," पडवळ म्हणाले.

"तर तपासा की. आमच्या दुकानात टेस्टरचा संशय आला तर आधी चालू तारेला लावून बघतात. ज्याला आपल्या उत्तराची पक्की खात्री आहे असं कुणीतरी खुर्चीत बसवा. बरोबर आकडा आला तर यंत्र चांगलं."

"असं कोण बसणार?"

"मी बसते," ऑपरेटर बाई म्हणाल्या. त्या सात वर्षं तिथे होत्या. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवून त्यांचं कंत्राट नवं व्हायचं. त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टा बांधला, वीस प्रश्न आणि नाणं उरकलं, आणि शेवटच्या प्रश्नाला भाजीचा भाव सांगावा तसं उत्तर दिलं.

"पाच वर्षांनी मी इथं नसेन."

नव्व्याण्णव.

बाईंनी पट्टा सोडला. "यंत्र चांगलं आहे, साहेब. तुम्हीही बसून बघता का? तुमची तर कायमची नोकरी."

पडवळांनी खुर्चीकडे बघितलं. खात्याचं विलीनीकरण होणार अशी कुजबुज गेले वर्षभर चालली होती, आणि यंत्रातले सगळे आकडे दर पाच मिनिटांनी पुण्याला जात होते.

"नको," ते म्हणाले. "मला सह्या करायच्यात."

यंत्र बिघडलं असं लिहायचा विचार त्यांच्या मनात आलाच नाही असं नाही. पण मग सकाळपासूनचे सगळेच ठोक रद्द करावे लागले असते, आणि त्यात आमदारांच्या भाच्याचा एक्याण्णव होता. पडवळांनी सही केली. अक्षर जरा थरथरलं, पण सहीचा ठोक कुणी मोजत नाही.

बाहेर आप्पा गाडीला टेकून उभे होते. दहा दिवसांत पहिल्यांदाच ते थेट तिच्याशी बोलले.

"किती?"

"शहाण्णव. सवलत धरून शंभर."

आप्पांचा चेहरा उजळला आणि लगेच थोडा पडलाही. "म्हंजे बोललीस एकदाची खोटं."

"नाही. खरं तेच बोलले. म्हटलं, माहीत नाही."

आप्पांनी हेल्मेट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. "आणि ते चाललं?"

"चाललं नाही, आप्पा. चालवून घेतलं."

"बस मागं," आप्पा म्हणाले. त्यांनी गाडी काढली. पुलावर एकदम मोठ्याने हसले, तेव्हा शेजारचा रिक्षावाला दचकला.

बातमी रांगेत केव्हाच पसरली होती. त्या दिवशी निशिगंधानंतरच्या ऐंशी पोरांनी भाकऱ्या खाली ठेवल्या आणि "माहीत नाही" म्हणून सांगितलं. कित्येकांना ते वाक्य बोलताना इतकं बरं वाटलं की दोघं खुर्चीतच रडले. बार्शी केंद्राचा सरासरी ठोक राज्यात पहिला आला. भावी रोजगाराबाबत ग्रामीण युवकांत निर्माण झालेल्या प्रचंड आत्मविश्वासाबद्दल मंत्रालयातून अभिनंदनाचं पत्र आलं; उत्तरं काय होती, हे वाचायची पद्धत नव्हती. आठवड्याभरात नागनाथ सरांनी 'माहीत नाही' कसं म्हणावं याची खास तुकडी सुरू केली आणि फ्लेक्ससाठी निशिगंधाचा फोटो मागायला दुकानात आले.

"फोटो देते, सर," ती म्हणाली. "खाली लिहा: हिला तुमच्या वर्गात एक्याऐंशी मिळाले, म्हणून हिने वर्ग सोडला."

सर बराच वेळ फ्लेक्सच्या मजकुराचा विचार करत उभे राहिले, आणि मग एक जळकी मोटार उगाचच उचलून बघून निघून गेले.

जुलैत विद्यापीठ सुरू झालं. भूजलशास्त्राच्या बारा मुलांना घेऊन प्राध्यापक हुमनाबादकर मॅडम पहिल्याच दिवशी विभागामागच्या माळावर गेल्या. तिथे जमिनीतून वर आलेला एक लोखंडी पाइप होता, झाकण लावलेला. पाण्याची पातळी बघण्याची ती विहीर. मॅडमनी सवयीने, उत्तर ठाऊक असलेल्या माणसाच्या थकलेल्या आवाजात विचारलं, "यात पाणी किती फुटांवर असेल?"

"बावीस!" "चाळीस, मॅडम!" "तीस, शंभर टक्के!" अकरा उत्तरं आली, अकराही खणखणीत. ही नव्वदच्या पुढची पोरं होती. आवाजात कुठे थरथर म्हणून नव्हती.

"आणि तू?"

"बघावं लागेल," निशिगंधा म्हणाली.

मॅडमनी हातातली छत्री मिटली. हे वाक्य त्यांनी या माळावर सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून पोलादी टेप आणि खडू काढून तिच्या हातात दिला. टेपच्या टोकाकडच्या भागाला खडू फासायचा, टेप आत सोडायची, वर ओढायची. खडू जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत पाणी. निशिगंधाने झाकण काढलं, टेप सोडली. वीस फूट, चाळीस, साठ. शंभरला टेप तळाला टेकली. तिने ती हळूहळू वर ओढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. खडू टोकापर्यंत पांढराशुभ्र, कोरडा होता.

अठ्ठ्याण्णव ठोकाचा, नाशिकहून आलेला एक उंच मुलगा टेपकडे बघत पुटपुटला, "पण मला अगदी खात्री होती..."

"होती ना?" निशिगंधाने टेप गुंडाळून त्याच्या हातात दिली. "पुढची विहीर त्या लिंबाच्या पलीकडं दिसतीय. चल. खडू नीट लाव, आणि आकडा वाचल्याशिवाय तोंड उघडू नको."